भिशीचा पहिला नंबर

"मॅडम, हे तेहेतीस हजार कुठून आले?" आमचे मॅनेजर जोगळेकर साहेब यांनी माझ्या पासबुकावर बोट ठेवलं.

एरवी हा प्रश्न मी विचारायची. बिबवेवाडीतल्या आमच्या सहकारी बँकेच्या शाखेत होम लोनचं टेबल माझ्याकडे होतं. हिंजवडीत कंपन्या येत होत्या आणि नोकरी लागून वर्ष झालं नाही तोच पोरं फ्लॅट बघायला निघत होती. "मॅडम, हातात किती पैसे लागतील?" हे मी दिवसभर ऐकायची. माझं उत्तर पाठ होतं. बँक किमतीच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के देते, उरलेले तुमचे. त्याला ओन कॉन्ट्रिब्यूशन म्हणायचं. स्टॅम्प ड्यूटी, रजिस्ट्रेशन, पार्किंग त्यात धरू नका, तो खर्च वेगळा. आणि हे पैसे उसने चालत नाहीत. उसने आणले तर एकाच पगारातून दोन हप्ते जातात, आणि थकतो तो बँकेचा. म्हणून पासबुकात अचानक मोठी रक्कम दिसली, की ती कुठून आली हे विचारायचंच.

आता अर्ज माझाच होता. घरमालकाने जागा सोडायला सांगितली होती. आमच्या यांनी आणि मी धनकवडीत दोन खोल्यांचा फ्लॅट पाहिला, टोकन देऊन आलो. बिल्डरचा माणूस म्हणाला, "ताई, पुढच्या आठवड्यात रेट वाढणार." हे वाक्य तो सगळ्यांना म्हणतो, हे मला माहीत होतं. तरी मी घाबरले. एफडी मोडली, पाटल्या विकल्या, आणि तेहेतीस हजार कमी पडले.

शाखेत आम्हा अकरा जणींची भिशी होती. दरमहा प्रत्येकीने तीन हजार काढायचे आणि चिठ्ठीत जिचं नाव निघेल तिने सगळे उचलायचे. पहिली चिठ्ठी कॅश काउंटरवरच्या सुमनताई वाघमारेंची निघाली. त्यांना मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती. मी त्यांना कोपऱ्यात गाठून तो नंबर मागितला. "घ्या हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "फीचं बघते मी. घर रोज होत नाही."

भिशीचं गणित सोपं आहे. शेवटचा नंबर लागला तर ती बचत. पहिला लागला तर ते कर्ज, पुढचे दहा महिने फेडायचं. हे मीच गिऱ्हाइकांना समजावून सांगायची, आणि भिशी उचलून आलेल्यांच्या फायली परत पाठवायची.

"बचत आहे, साहेब," मी म्हणाले. "माझी."

केबिनचं दार उघडंच असायचं. बाहेर टाइपरायटर थांबला. ज्यांचे पैसे मी माझे म्हणत होते त्या सगळ्या जणी चार पावलांवर बसल्या होत्या.

"घरात ठेवले होते का?" साहेबांनी विचारलं. "बँकेत काम करून?"

तेवढ्यात काउंटरवरून सुमनताईंचा आवाज आला. "त्यांचेच आहेत, साहेब. मला माहितीये."

साहेब काही दुधखुळे नव्हते. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "छान. मग आपण तसं लिहून द्या, वाघमारे बाई. फायलीला लावतो."

सुमनताई उठल्या. पेन घेऊन खरंच केबिनमध्ये आल्या. त्यांची बावीस वर्षांची नोकरी होती आणि कॅशमध्ये एका रुपयाचा फरक आला नव्हता. माझ्यासाठी त्या खोटं लिहून द्यायला निघाल्या होत्या. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली, की आजही ते आठवलं तर मी विषय बदलते.

"साहेब, भिशी आहे," मी म्हणाले. "पहिला नंबर."

साहेबांनी फाइल मिटली. "हप्त्यात भिशीचे तीन हजार धरा आणि सांगा, पगारात बसतं का?"

"नाही बसत."

"मग?"

"परत पाठवायची फाइल," मी म्हणाले. शेरा मीच लिहिला. अक्षर माझंच होतं, नेहमीसारखं.

टोकन बुडालं. ते परत मिळत नाही, हेही मी लोकांना सांगायची. तेहेतीस हजार त्याच संध्याकाळी सुमनताईंना दिले. त्यांनी फी भरली, पण उशिराच्या दंडासकट. दंडाचे पैसे त्यांनी माझ्याकडून घेतले नाहीत. आम्ही आणखी लांब, आणखी लहान भाड्याच्या जागेत गेलो.

पुढच्या भिशीत मी शेवटचा नंबर मागून घेतला. त्याचे पैसे हातात आल्यावर पुन्हा अर्ज केला, एका खोलीच्या फ्लॅटसाठी. साहेबांनी पासबुक उघडलं आणि तिथेच बोट ठेवलं.

"हे कुठून?"

"भिशी, साहेब. शेवटचा नंबर."

त्यांनी सही केली. ओन कॉन्ट्रिब्यूशन किती हवं, हे तेव्हापासून मी लोकांना असं सांगते: कुठून आले म्हणून विचारल्यावर मोठ्याने सांगता येतील, तेवढेच पैसे मोजा.

बाहेर आले तर सुमनताई नोटा मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "या वेळी लिहून देऊ का हो?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण त्यांच्याकडे बघायचं धाडस काही झालं नाही.