सेलविनचा पहिला प्रस्ताव

नांतव्हेलिन या खेड्यात माणसाला आडनावावरून कुणी ओळखत नाही. आडनावं मोजकीच आहेत, आणि ती सगळ्यांनी आपसांत वाटून घेतलेली आहेत. म्हणून खालच्या शेतावर राहणारा तो 'हेदविन खालचं-शेत', आणि ज्याचे वडील पाव भाजायचे तो अजूनही 'पाववाला', मग तो आता विमा का विकत असेना. सेलविननं उभा जन्म गावातून बाजारगावाला जाणारी बस चालवण्यात काढला. त्याला 'सेलविन बस' म्हणायला हरकत नव्हती. पण गाव त्याला 'सेलविन अनुमोदन' म्हणतं.

सेलविन गावच्या कौन्सिलचा जुना सभासद. दर महिन्याला चॅपेलच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीत सात सभासद आणि त्यांची चिटणीस जमतात, कोट अंगावरच ठेवून बसतात, कारण तिथला हीटर सभा संपता संपता तापतो. दफनभूमीतलं गवत कधी कापायचं, नदीकाठच्या वाटेवर कुत्र्यांची घाण कुणाच्या कुत्र्याची, शाळेसमोरचा दिवा दिवसा का जळतो आणि रात्री का विझतो, असे विषय निघतात. कुणीतरी ठराव मांडतं. "अनुमोदन?" असं अध्यक्ष विचारतो न विचारतो तोच सेलविनचा हात वर गेलेला असतो. एकदा एकाच सभेत, झाडाच्या फांद्या छाटाव्यात आणि छाटू नयेत, अशा दोन्ही ठरावांना त्यानं अनुमोदन दिलं होतं. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "दोघांचंही पटलं मला."

स्वतः मात्र त्यानं कधी काही मांडलं नाही. त्याची बायको नेस्ता हे चारचौघांत सांगायची, "अहो, लग्नाचं तरी कुठं यानं मांडलं? मी मांडलं. यानं अनुमोदन दिलं." सेलविन शेजारी उभा राहून मान डोलवायचा, म्हणजे यालाही अनुमोदनच.

ही सवय त्याला लागली एका बाकापायी, हे गावाला ठाऊक होतं.

पुलाजवळ बसथांब्याला एक लाकडी बाक आहे. पूर्वी त्याचं तोंड नदीकडे होतं. एका पावसाळी सकाळी मोरव्हिदबाई त्या बाकावर रस्त्याकडे पाठ करून बसल्या होत्या. जिल्ह्याच्या काव्यवाचनाच्या स्पर्धेला जायचं होतं, ओठांत कविता घोळत होती, आणि अंगातला कोट नेमका नदीकाठच्या झुडपांच्या रंगाचा. सेलविनची बस आली आणि न थांबता गेली. मोरव्हिदबाई पोचल्या तेव्हा बक्षीस खोऱ्यापलीकडच्या गावाला गेलेलं होतं. हे नुसतं बक्षीस गेलं असतं तर चाललं असतं, पण त्या गावाला गेलं होतं.

पुढच्याच सभेत मोरव्हिदबाईंनी ठराव मांडला, की बाकाचं तोंड रस्त्याकडे करावं, म्हणजे बसणाऱ्याला बस दिसेल आणि "काही चालकांना" बसणारा दिसेल. कुणी काही बोलायच्या आत सेलविनचा हात वर गेला. त्या दिवसापासून तो खाली आलाच नाही म्हणा ना.

वर्षं गेली. सेलविन निवृत्त झाला. बाकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, रिकाम्या बाटल्या टाकायच्या मोठ्या पेट्या आल्या. आणि नेस्ताचं कंबरेचं हाड झिजलं. ऑपरेशनसाठी नाव नोंदवलेलं होतं, पण इस्पितळाकडून बोलावणं काही येईना. आधी तिचं चालणं नदीपल्याडच्या टेकडीपर्यंत होतं, मग पूल ओलांडण्यापर्यंत, मग पुलापर्यंत. आता ती काठी टेकत बाकापर्यंत जायची, बसायची, आणि परत यायची. त्याच्या पुढं जमत नव्हतं.

"आज काय दिसलं?" सेलविन विचारायचा.

"हिरव्या बाटल्यांची पेटी भरलीय. पाववाल्यानं दोन पिशव्या भरून बाटल्या आणल्या. गावात कोण किती पितं ते मला आता तोंडपाठ झालंय, सेलविन."

तिच्या पाठीमागे नदी होती, आणि नदीपलीकडे तो उतार, ज्याच्यावरच्या घरात ती वाढली. आता तिथं तिचा भाचा शेती करतो. मार्च सरताना नवी कोकरं पहिल्यांदा उतारावर सोडतात. दिवसभर ती धडपडतात, उड्या मारतात, आपल्या आया समजून दुसऱ्याच मेंढ्यांच्या मागं लागतात. नेस्ता बाकावर बसून पाठीमागून येणारे त्यांचे आवाज ऐकायची. मान वळवून बघायचा प्रयत्न केला की कंबरेतून कळ यायची. तिनं सेलविनकडे कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाली, "एक कोकरू लंगडतंय. आवाजावरून वाटतं."

त्या रात्री सेलविनला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तो चिटणीस बेथानच्या दारात जाऊन उभा राहिला. बेथान कौन्सिलचं इतिवृत्त दोन भाषांत लिहायची आणि दोन्हींत सेलविनचं नाव एकाच जागी असायचं.

"पुढच्या सभेला एक विषय घालायचाय," सेलविन म्हणाला.

"कुणाचा, सेलविनकाका?"

"माझा."

बेथान दारातून बाजूला झाली. "तुम्ही आधी बसा बरं. चहा ठेवते. तब्येत ठीक आहे ना?"

तो घरी पोचायच्या आत गावात बातमी पोचली होती. दुकानात पाववाल्यानं विचारलं, "काय सेलविन, पक्ष बदललास म्हणे?" हेदविननं तर ट्रॅक्टर रस्त्यात थांबवून, मागं दोन मोटारी खोळंबलेल्या असताना, निवांत विचारलं, "अरे, तूच मांडायला लागलास तर मग आम्ही मांडलेलं उचलून कोण धरणार?" त्या वर्षीचं अध्यक्षपद पाळीपाळीनं हेदविनकडे आलं होतं. अध्यक्षानं गळ्यात घालायची ती जड मानाची साखळी तो ट्रॅक्टरमध्येच ठेवायचा, वेळेवर सापडावी म्हणून.

मोरव्हिदबाईंनी काही विचारलं नाही. चॅपेलच्या पायऱ्यांवर त्या सेलविनला भेटल्या, "बाक काय?" एवढंच म्हणाल्या, आणि आत गेल्या.

आठवडाभर सेलविन स्वयंपाकघरात उभा राहून भाषणाचा सराव करत होता. नेस्ता बटाटे सोलत ऐकायची.

"'अध्यक्षमहाराज, सभासद बंधूंनो आणि भगिनींनो...'"

"भगिनी एकच आहे. तिच्याकडे बघून म्हणू नकोस, पुढचं विसरशील."

"नेस्ता, मी तुझं नाव घेऊ का?"

नेस्ताची सुरी थांबली. "माझं कशाला? म्हण, 'नागरिकांच्या सोयीसाठी'."

सभेच्या दिवशी सातही जण हजर होते, जे सहसा व्हायचं नाही. हेदविन अंघोळ करून आला होता, जे त्याहून क्वचित. आणि भिंतीकडेला, जनतेसाठी मांडलेल्या आणि कायम रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्यांपैकी एकीवर नेस्ता बसली होती. भाच्यानं तिला गाडीतून आणलं होतं. जनतेला सभेत ऐकता येतं, बोलता येत नाही. हा नियम बेथाननं तिला हळूच सांगितला. "घरी मी तेच करते," नेस्ता म्हणाली. सेलविननं आयुष्यात पहिल्यांदा अनुमोदन दिलं नाही.

गवत झालं, कुत्री झाली, दिवा झाला. तिन्हींना सेलविनचं अनुमोदन. मग हेदविननं घसा खाकरला. "विषय चौथा. पुलाजवळचं बाक. मांडणार... सेलविन."

सेलविन उभा राहिला. सभेत उभं राहायची पद्धत नव्हती, पण बसून कसं मांडतात ते त्याला माहीत नव्हतं. बंधू, भगिनी, नागरिक, सोय, सगळं डोक्यातून निघून गेलं होतं.

"बाकाचं तोंड परत नदीकडे करावं," तो म्हणाला. "एवढंच." आणि बसला.

"ठीक," हेदविन म्हणाला. "अनुमोदन?"

खोलीतल्या सगळ्या माना, ज्या दिशेला इतकी वर्षं वळत आल्या होत्या, त्या दिशेला वळल्या. सगळे सेलविनकडे पाहू लागले. सेलविन त्यांच्याकडे पाहू लागला. सवयीनं त्याचा हात अर्ध्यापर्यंत गेला.

"काका," बेथान कळवळून म्हणाली, "स्वतःच्या ठरावाला नाही देता येत."

हात खाली आला.

पण दुसऱ्या कुणाचा हात वर जाईना. खरं म्हणजे बाकीच्यांना अनुमोदन द्यायची सवयच राहिली नव्हती. नेमक्या कोणत्या क्षणी हात वर करायचा असतो, हेही कुणाला आठवेना. शिवाय टेबलाच्या टोकाला मोरव्हिदबाई बसल्या होत्या, पाठ ताठ, हातमोजे मांडीवर. त्यांनी अर्ध्या गावाला चॅपेलमधल्या रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. पाववाला आपली नखं तपासत होता. हीटर नुकता कुठं कुरकुरू लागला होता.

"अनुमोदन मिळालं नाही तर ठराव पडला असं धरावं लागेल," बेथान खालच्या आवाजात म्हणाली. "आणि सहा महिने पुन्हा घेता येत नाही."

सहा महिन्यांनी कोकरं बाजारात गेलेली असतील. सेलविननं नेस्ताकडे पाहिलं नाही. टेबलाच्या लाकडात एक गाठ होती, तिच्याकडे बघत तो म्हणाला, "तिला तिथवरच चालता येतं. पुढं नाही येत आता. आणि तिथं बसलं की पेट्या दिसतात." मग म्हणाला, "मोरव्हिद, त्या दिवशी मी बघायला हवं होतं. कोट हिरवा होता हे खरं. पण बघायला हवं होतं."

ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती आणि आजवर सेलविनच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. मोरव्हिदबाईंनीसुद्धा.

त्यांनी एक हातमोजा दुसऱ्यावर नीट ठेवला.

"तो कोट हिरवा नव्हता," त्या म्हणाल्या. "शेवाळी होता. हेदविन, या सभेत आज कुणाला हात आहेत की नाहीत? अनुमोदन. माझं."

बेथाननं लिहायला घेतलं आणि थांबली. "मोरव्हिदबाई, तुमचं... अनुमोदन?"

"का, फक्त त्यालाच येतं का? त्यात एक दुरुस्ती मात्र मांडते. बाकावर रस्त्याकडे पाठ करून बसलेला माणूस बसचालकाला दिसत नाही, हे मी सोसलेलं आहे. म्हणून नेस्ता तिथं बसेल तेवढा वेळ सेलविननं मागं उभं राहून रस्त्यावर नजर ठेवावी, आणि कुणाला बस पकडायची असेल तर हात दाखवून थांबवावी. बस गेली तर जबाबदारी त्याची."

"दुरुस्तीला अनुमोदन?" हेदविननं विचारलं.

सेलविनचा हात वर होता. तो कधी गेला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. नेस्ता एवढ्यानं हसली की बेथानला जनतेला शांत राहायला सांगावं लागलं, आणि सांगताना तीही हसत होती. मग सातही हात वर गेले. सभेनंतर 'बारा ब्रिथ' नावाचा तिथला सुक्या फळांचा गोड पाव कापला, आणि मोरव्हिदबाईंनी नेस्ताला कडेचा, जास्त मनुका असलेला काप दिला.

शनिवारी हेदविन पाना आणि पहार घेऊन आला. बाकाच्या बोल्टांना गंज चढला होता. त्यांच्याशी झटताना तो ज्या भाषेत बोलला ती बेथानच्या इतिवृत्ताच्या दोन्ही भाषांत बसण्यासारखी नव्हती. दुपारपर्यंत बाक फिरलं.

नेस्ता काठी टेकत आली आणि बसली. नदी वितळलेल्या बर्फासारखी करडी वाहत होती. पलीकडे उतारावर कोकरं होती.

"ते बघ," ती म्हणाली. "लंगडतं ते. म्हटलं होतं मी."

सेलविनला बघता आलं नाही. तो बाकामागं, ठरावाप्रमाणे, रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

दोनची बस आली. तिच्यातून मोरव्हिदबाई उतरल्या, हातात बाजाराची पिशवी. त्यांनी सेलविनकडे असं पाहिलं जसं काम बरोबर झालंय का ते बघावं, आणि नेस्ताच्या शेजारी जाऊन बसल्या. पाचेक मिनिटं दोघी उताराकडे बघत राहिल्या. मग पुलापलीकडून दुसऱ्या बसचा आवाज आला, तशा मोरव्हिदबाई अस्वस्थ झाल्या. मान वळवून बघायला लागल्या.

"कोण उतरतंय गं?"

"मला काय दिसतंय?" नेस्ता म्हणाली. "आता मला कोकरंच दिसतात. तुझी मान आखडेल. त्याला विचार ना."

"सेलविन! कोण आलं?"

"पाववाल्याची मेहुणी," सेलविन म्हणाला. "नवा कोट घातलाय."

"कसला?"

सेलविननं नीट पाहिलं. या वेळी त्याला नक्की सांगायचं होतं.

"शेवाळी," तो म्हणाला, आणि त्या बसला हात दाखवला, थांबलेली असूनही.