दुसऱ्या कोठडीतला माधव

रामभाऊ गेल्याची बातमी मला वेल्ह्यात कळली, आणि तीही दुसऱ्या दिवशी. मोजणीच्या कामावर मी तिकडे होतो. मार्गासनीहून आलेल्या एका माणसानं बैलांना पाणी पाजता पाजता सांगितलं, "तुमच्या भोरातलं कंपाउंडर गेलं म्हणं काल." मी मोजणीची साखळी तिथंच टाकून निघालो. भोरला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. निरोप धाडायचं कुणाला सुचलं नाही, थांबायचं तर नाहीच. मराठी पहिलीपासूनचा मित्र, आणि मला त्याच्या दारात फक्त विझलेली शेगडी आणि बाहेर काढून ठेवलेली गादी दिसली. तो राग अजून गेलेला नाही. पण आज लिहायला बसलोय ते वेगळ्या रागापायी.

आठवड्यानं दवाखान्यासमोर शोकसभा झाली. औषधाच्या थेंबात ज्यानं कधी चूक केली नाही, असा कंपाउंडर गेला, म्हणून गावानं मनापासून हळहळ केली. ते योग्यच होतं. मग एक वकील उठले आणि म्हणाले, "रामभाऊ आयुष्यात एक शब्द खोटा बोलले नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. आता महिना उलटून गेल्यावर त्या वाक्याला मला जाहीर हरकत घ्यायची आहे. रामभाऊ खोटं बोलला. एकदा नाही, वर्षानुवर्षं, दर बाजारच्या दिवशी, माझ्या तोंडावर. जे लिहितो आहे ते छापायला इब्राहिमभाईंची हरकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ती का नाही, ते पुढं येईल.

इब्राहिमभाईंचं बाजारपेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. लढाईच्या दिवसांपासून त्या दुकानातल्या बाकावर आमची बैठक असायची. आम्ही चौघं. दुकानाचे मालक इब्राहिमभाई, वाचणारा रामभाऊ, संस्थानच्या मोजणी खात्यातला कारकून म्हणून मी, आणि बाजाराला उत्रोलीहून येणारा ज्ञानोबा. ज्ञानोबाला अक्षरओळख नाही, पण त्याच्याइतका चिकित्सक श्रोता मी पाहिलेला नाही. पुण्याहून एक मासिक यायचं. वर्गणीदार भोरात बहुधा एकटा रामभाऊच. त्यात एका टोपणनावाच्या लेखकाची गोष्ट क्रमशः येत होती. सहा मराठी माणसं एका धातूच्या गोलात बसून शनीकडे निघतात, अशी. रामभाऊचा आवाज चांगला, खणखणीत. तो वाचायचा, आम्ही ऐकायचो, आणि प्रकरण संपलं की भांडण सुरू. अंक मात्र तो कुणाच्या हाती देत नसे. "घरी नेलेला अंक परत येत नाही, अण्णा. तीन गेले माझे," म्हणायचा आणि रुमालात बांधून न्यायचा. आम्हांला ते पटलं होतं. मलाही पटलं होतं, याचाच आता जास्त राग येतो.

त्या गोष्टीत भोकं पुष्कळ होती. शनीजवळच्या एका चंद्रावर हे लोक अकरा दिवसांत भात पिकवतात, असं आलं तेव्हा ज्ञानोबा बाकावरून उठलाच. "अकरा दिसांत? आरं, आंबेमोहोराचं रोप तरी इतक्यात लावणीला येतं का? त्या लिवणाऱ्याला म्हणावं, एकदा उत्रोलीला ये, चिखलात उभा ऱ्हा." रामभाऊ म्हणाला, "तिथलं ऊन वेगळं असेल." "ऊन येगळं, पर भात भातच की!" दुसरा त्याचा प्रश्न असा, की सहा गडी एवढे महिने त्या गोलात, तर सकाळी जातात कुठं? यावर लेखक शेवटपर्यंत काही बोलला नाही. इब्राहिमभाईंचं म्हणणं यंत्राबद्दल असे. "साखळीला तेल कोन घालतं ते कुटंच आलं न्हाई. बिनतेलाचं काय चालतंय इतकं?" त्यांचं साखळीवर फार लक्ष.

पण खरं भांडण एकाच गोष्टीवरून होतं, आणि ते म्हणजे माधव. माधव हा त्या सहांतला सर्वांत लहान, विशीतला, यंत्राकडे बघणारा. सहाव्या महिन्यातल्या एका वादळानंतर प्रकरण उघडतं तेव्हा माधव नाही. कुणी त्याचं नाव घेत नाही. आणि रोज ठरावीक वेळी गोलाच्या पत्र्यावर टकटक ऐकू येते... तिथं तो अंक संपला होता. महिनाभर आम्ही दुसरं काही बोललो नाही.

त्या महिन्यातच अब्बासची बातमी आली. अब्बास हा इब्राहिमभाईंचा मुलगा, लष्करात मोटार चालवायला गेलेला. ब्रह्मदेशाच्या बाजूला होता. आधी पत्रं थांबली, मग सरकारी कागद आला की बेपत्ता. मेला असंही नाही, सापडला असंही नाही. इब्राहिमभाईंनी तो कागद दुकानातल्या पंपाच्या डब्यामागे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पुढच्या बाजारच्या दिवशी त्यांनीच रामभाऊला हाक मारली. "अंक आला असंल न्हवं? या की. पोराचं काय झालं बघू." कुठल्या पोराचं, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

रामभाऊनं त्या दिवशी वाचलं. मध्ये एकदा थांबून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला, आणि पुढं वाचायला लागला. त्या नव्या प्रकरणात माधवचा उल्लेख नव्हता, टकटकीचाही नव्हता. ज्ञानोबा चिडला. "पोरगं गेलं कुठं मंग?" इब्राहिमभाई पान्ह्यानं चाकाचा नट घट्ट करत होते. मान वर न करता म्हणाले, "दुसऱ्या कोठडीत. गोलाला दोन कोठड्या हायेत, पयल्याच भागात आलंय. रुसून आत बसलाय. आतून वाजवतोय."

आणि मग मी माझा हिशेब मांडला. मला आकड्यांची सवय, त्याला माझा इलाज नाही. पहिल्या प्रकरणात दोन गोष्टी स्पष्ट छापल्या होत्या. टाकीतली हवा सहा माणसांना सोळा महिने पुरणारी, आणि 'अठरा महिन्यांनी आम्ही परतलो.' सहा माणसं धरली तर हवा दोन महिने आधी संपते. पण सहाव्या महिन्यानंतर पाचच माणसं धरा. उरलेली दहा महिन्यांची हवा म्हणजे एका माणसाची साठ महिन्यांची. साठ भागिले पाच, बारा. बारा आणि सहा, अठरा. तंतोतंत. "तेव्हा माधव आत नाही," मी म्हणालो. "हवा पुरत नाही." इब्राहिमभाई म्हणाले, "कोठडीला टाकी येगळी असंल." मी म्हणालो, टाकी एकच सांगितली आहे. ते म्हणाले, "छापायची चूक असंल." हे असं एकदा झालं नाही. मासिक दोन-तीन अंकांनंतर बंद पडलं, कागद मिळत नाही म्हणून, असं रामभाऊनं सांगितलं. गोष्ट अर्धी राहिली. मग आम्ही ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो, आणि दर वेळी त्याच जागी तेच भांडण. संपादकाला कार्ड टाकून खुलासा मागवतो, असं मी एकदा म्हणालो, तर रामभाऊ म्हणाला, "कार्डाचा खर्च कशाला, मी पुण्याला जातोच आहे, समक्ष विचारतो." परत येऊन म्हणाला, "कचेरीला कुलूप." इतक्या सहज म्हणाला की मी त्याला जाण्यायेण्याचे हाल विचारत बसलो.

रामभाऊच्या तेराव्यानंतर वहिनींनी तो रुमाल मला दिला. "तुम्हीच घेऊन जा, भाऊजी. इथं वाळवी खाईल." मी घरी आणून दुपारचा ओसरीवर बसलो आणि अंक क्रमानं लावले. मासिक बंद पडलंच नव्हतं. पुढचे चार अंक होते. गोष्ट पुरी झाली होती, शेवटी 'समाप्त' छापलं होतं. आणि ज्या प्रकरणात रामभाऊनं पहिल्यांदा चष्मा पुसला, त्या प्रकरणात दोन पानांभोवती शिसपेन्सिलीचा कंस होता.

त्या दोन पानांत सगळं होतं. वादळात बाहेरचा पंखा अडकतो. माधव तो सोडवायला कमरेला दोर बांधून बाहेर पडतो, पंखा सोडवतो, आणि परत येऊ शकत नाही. दोर ओढायचं यंत्र मोडलेलं. दोर कापायचं कुणाच्या मनात येत नाही. गोल फिरतो तशी रोज ठरावीक वेळी ती टकटक पत्र्यावर होते... मी अंक मिटला. माझा हवेचा हिशेब लेखकानंही मांडला होता, कंसातल्याच दुसऱ्या पानावर. साठ भागिले पाच.

वाचकांनी माझ्या जागी बसून बघावं. रामभाऊनं कंस केला, ते मला समजतं. त्या बापापुढे ती पानं वाचणं कुणालाच जमलं नसतं. पण मला सांगायला काय झालं होतं? दवाखान्यापासून माझं घर हाकेच्या अंतरावर. एका संध्याकाळी येऊन एवढंच म्हणायचं होतं, "अण्णा, हवेचा विषय काढू नकोस." मी काढला नसता. ते सोडून त्यानं मला दर बाजारी त्या माणसासमोर साठाला पाचानं भागू दिलं. मी बोटांवर मोजून सिद्ध करत होतो की पोरगा आत नाही, आणि हा शेजारी बसून चष्मा पुसत होता. याला मी काय म्हणू? हे त्यालाच विचारायचं होतं. मी विचारलं असतं, पण उत्तर द्यायला तो नव्हता. हीही त्याचीच लबाडी.

चार दिवस मी अंक रुमालात बांधून कोनाड्यात ठेवले. मग इब्राहिमभाईंचा निरोप आला, "अंक तुमच्याकडं आलेत म्हणं. बाजारला घिऊन या." माझ्याकडे नाहीत, असं सांगणं सोपं होतं. पण ते खरं नव्हतं. गेलो.

ज्ञानोबा आधीच बसला होता. रामभाऊची जागा, बाकाच्या उजव्या टोकाची, दोघांनी मोकळी ठेवली होती. इब्राहिमभाई म्हणाले, "टकटक होती तिथनं वाचा." मी वाचलं. पुढचं प्रकरण सुरू केलं आणि कंसापाशी आलो. माझा आवाज रामभाऊसारखा नाही. मी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, दोन पानं एकदम उलटली आणि पुढं वाचलं. इतकं सोपं असतं ते, हे मला ठाऊक नव्हतं.

"मंग पोरगं गेलं कुठं?" ज्ञानोबानं विचारलं. त्याची सवय.

"दुसऱ्या कोठडीत," इब्राहिमभाई म्हणाले.

आता माझी पाळी. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "असेल. हवा पुरली असेल कशीतरी."

इब्राहिमभाईंनी पान्हा खाली ठेवला. त्यांना इतकं तापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "कशीतरी? अण्णा, कशीतरी म्हंजी काय? इतकी वर्सं साठाला पाचानं भागत व्हता, आन आज कशीतरी?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी मराठी चौथी पास हाय. रामभाऊ माझ्याच उजव्या हाताला बसायचा, अंक त्याच्या मांडीवर. मला दिसत न्हवतं व्हय? त्यो चष्मा पुसत बसला तवर पान उघडंच; पयल्याच दिशी वाचलं म्या ते."

मी अंक मांडीवर मिटला.

"पानं उलटताना घाम फुटायचा बिचाऱ्याला," ते म्हणाले. "त्याला म्हणू, ऱ्हाऊ दे, म्या वाचलंय? येवढा खोटं बोलून दमलेला गडी. आन तुमी भांडायचा, तवा बरं वाटायचं. भांडण चालू हाय म्हंजी निकाल लागल्याला न्हाई. आता त्यो गेला. तुमीबी गप बसलासा तर ऱ्हायलं काय?"

ज्ञानोबा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. "म्हंजी तुमा समद्यास्नी ठावं व्हतं? मी येकलाच येडा?"

"येकला कशाला? दोघं हायसा की. तू आन अण्णा," इब्राहिमभाई म्हणाले. "अण्णा, चष्मा घाला. आन नीट भांडा."

राग मला दोघांचाही आला होता. एक मेलेला, एक समोर बसलेला, आणि दोघांनी मिळून मला एवढी वर्षं बाकावर मूर्ख बनवून ठेवलं. तो राग गिळायचा माझा विचार नाही. वकीलसाहेबांनी आपलं वाक्य दुरुस्त करून घ्यावं.

मी चष्मा घातला. "हवा पुरत नाही," मी म्हणालो.

"कोठडीला टाकी येगळी असंल."

"टाकी एकच सांगितली आहे. पहिलं प्रकरण, तिसरा परिच्छेद."

"छापायची चूक असंल," इब्राहिमभाई म्हणाले, आणि पान्हा उचलला.

चहा गार होईपर्यंत आमचं चाललं. निघताना अंक रुमालात बांधून मी उजव्या हाताच्या त्या मोकळ्या जागेवर ठेवले. घरी नेले नाहीत. घरी नेलेला अंक परत येत नाही, असं तो म्हणायचा, आणि एवढं तरी तो खरं बोलला असावा.