वसंताचे हिरवे राब

समस्त कलाजगतास कळविण्यास अत्यंत दुःख होते की, महाड-पोलादपूर चित्रकार मंडळाची निम्मी सभासदसंख्या गेल्या महिन्यात निवर्तली. उरलेला निम्मा मी. महाडच्या शाळेत चित्रकला शिकवतो. गेलेला निम्मा म्हणजे पोलादपूरचा वसंता पेंटर. त्याचा मेहुणा दुपारच्या एसटीने आला, वर्गाच्या दारातूनच म्हणाला, "मास्तर, दाजी गेले." मी फळ्यावरचं केळं पुरं करत राहिलो...

मंडळ स्थापन झालं एका चहाच्या टपरीवर. तेव्हा आम्ही चौघे होतो. एक औद्योगिक वसाहतीत लागला, एक मुंबईला गेला. राहिलो मी अध्यक्ष, आणि वसंता बाकी सगळं. दिवसा तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. उरलेल्या रंगातून प्लायवूडवर एकच गोष्ट काढायचा: राब. पेरणीआधी पालापाचोळा पसरून भाजलेली जमीन. काळी, करडी, मधूनच धुमसणारी. कडेला कसलासा वाकलेला ठिपका. ती चित्रं आम्ही एकदा बाजाराच्या दिवशी धर्मशाळेत मांडली. लोक आत यायचे, चपला काढून सतरंजीवर बसायचे आणि कार्यक्रम सुरू व्हायची वाट बघायचे. एक म्हातारा तर कंटाळून म्हणाला, "जळलेली शेतं काय बघायची रे? ती घरी हायतच!" मी हसून हसून बेजार झालो. वसंता हसला नाही. चित्र कळणाऱ्या माणसांनी आपले राब एकदा तरी भिंतीवर बघावेत, एवढीच त्याची इच्छा होती.

म्हणून मुंबईच्या एका कलादालनाला अर्ज केला. त्यांनी रंगीत फोटो मागवले. आमच्या फोटोग्राफरकडे फोटो निघायचे काळेपांढरेच, पण लग्नाच्या फोटोंवर तो हाताने रंग भरायचा. नवरीचे गाल गुलाबी, शालू हिरवा. त्याच मायेने त्याने वसंताचे राब हिरवेगार केले. वर निळंशार आभाळ! मी ते फोटो पाहिले, मनसोक्त हसलो आणि वसंताला न दाखवता पोस्टात टाकले. निवड काही होणार नव्हती, मग गंमत करायला काय जातं?

निवड झाली.

सहा चित्रं चादरीत गुंडाळून आम्ही एसटीने मुंबईला नेली. तिथल्या व्यवस्थापकांनी फोटो हातात धरला, चित्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही ती चित्रं नव्हेत." वसंताने तो फोटो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी आपला अध्यक्षाच्या थाटात म्हणालो, "आठ दिवस द्या, साहेब."

आठ दिवसांत वसंताने सहाही राब हिरवे केले. फोटो समोर ठेवून, तस्से. आम्ही पुन्हा गेलो, तर आमचे दिवस दुसऱ्याच कुणाला दिलेले होते. परतीच्या वाटेवर तो एवढंच म्हणाला, "खाली काळं हाय अजून. पण आता ते निघायचं नाय."

त्यानंतर त्याने फक्त पाट्या रंगवल्या. मंडळाची सभा मात्र दर महिन्याला भरायची. मी बोलायचो, तो भजी खायचा. मी त्याची माफी मागितली नाही. दर वेळी एखादा किस्सा आठवायचा, आणि सभा संपायची...

परवा वसंताच्या घरी सुमनवहिनींना भेटायला गेलो. सहाही चित्रं पुढच्या खोलीत टांगलेली. मी सवयीने भाषणच ठोकलं: काय हा हिरवा, काय ही टवटवी, काय हात होता माणसाचा! वहिनी पदराने डोळे पुसत ऐकत होत्या. त्या एकदम ओरडल्याच,

"काळी होती तेव्हाच बरी होती, भावोजी! पाल्याचा भारा घेऊन चाललेली मी होते त्यात. बुजवलंत मला, आणि विचारलं पण नाय कुणी!"