नट किती आवळायचा

त्या पावसाळ्यात माझी सोलापूरच्या दवाखान्यातली डायलिसिसची एक पाळी आधीच हुकली होती. पाय इतके सुजले होते की चप्पल चढत नव्हती. आडवं झालं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून मी पत्र्याच्या शेडखाली बाजंवर भिंतीला टेकून बसून होते. समोर आमची जुनी जीप एका बाजूनं जॅकवर उचललेली, पुढचं डावं चाक काढलेलं. चाकाशी माझे मालक आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भाऊजी. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं, वाटण्या झाल्या, तेव्हापासून हा अबोला. शेत, गोठा, पितळेची भांडी, सगळं वाटलं गेलं. जीप तेवढी सामाईक राहिली. कारण आमच्या वस्तीवरून नळदुर्गच्या रस्त्याला लागायचं तर काळ्या रानातून आणि ओढ्यातून जावं लागतं, आणि पावसाळ्यात चारही चाकांना जोर लावणारी ती जीपच काय ती जाते. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर रुतून बसला होता. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन लातूरला गेलेली. आणि आदल्या दिवशी ओढ्यातून येताना जीपचं चाक घरघरायला लागलेलं. वर-खाली धरून हलवलं, तर खुळखुळत होतं.

हब, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, उघडला तेव्हा कळलं. आतलं ऑइल सील झिजून गेलेलं, त्यातून चिखलाचं पाणी शिरलेलं, ग्रीस ताकासारखं पांढुरकं झालेलं. बेअरिंग खाल्लं गेलं होतं. मालक ओढा छातीएवढ्या पाण्यातून ओलांडून नळदुर्गला गेले आणि नवं सामान डोक्यावर धरून घेऊन आले.

जुन्या बेअरिंगची कडी दांड्यावर चिकटून बसली होती. छिन्नी लावून ठोकल्याशिवाय निघणार नव्हती. मालकांनी छिन्नी धरली, भाऊजींनी हातोडा घेतला.  तिसऱ्या-चौथ्या घावाला हातोडा निसटला आणि मालकांच्या बोटावर बसला. रक्त आलं. भाऊजी हातोडा तसाच वर धरून उभे राहिले.  मालकांनी बोटाला चिंधी गुंडाळली आणि छिन्नी पुन्हा जागेवर धरली.

कडी निघाली. नव्या बेअरिंगमध्ये तळहातानं ग्रीस दाबून भरलं, सील लाकडाच्या ठोकळ्यानं बसवलं. या सगळ्यात दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चाललेलं.

"त्याला म्हणावं, सील तिरकं चाललंय," भाऊजी माझ्याकडं बघून म्हणायचे.

"म्हणावं, दिसतंय मला," मालक मान वर न करता.

शेवटी नट आवळायचा राहिला. भाऊजींनी पान्यावर सगळा भार टाकला.

"म्हणावं, लई आवळला. बेअरिंग जळंल," मालक म्हणाले.

"म्हणावं, ढिला ठिवला तर चाक ओढ्यात निखळंल. मग हिला काय खांद्यावर नेणार हाय का?"

मला काय झालं कोण जाणे. "मला दम न्हाय तुमचे निरोप पोचवायला," मी म्हणाले. "एक एक शब्दाला धाप लागतीय. तुमचं तुमी बोला."

 पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"दादा," मालक म्हणाले.  "हब फिरवत आवळा, आन् मग जरासा मागं घ्या. नुसतं हललं न्हाय पायजे, बास."

 भाऊजींनी पाना पुढं केला. "तूच कर. बायको तुझी हाय."

मालकांनी तसंच केलं. मग भाऊजींनी दोन्ही हातांनी हब हलवून बघितला, खुळखुळ नव्हती.

चाक चढवलं आणि भाऊजी स्टिअरिंगवर बसले. मालकांनी मागं मला धरून ठेवलं. ओढ्याचं पाणी ओसरलं होतं, तरी पायदानावर आलं, आणि ऐन मध्यावर डावीकडं खणकन आवाज झाला. जीप थांबली. पाणी बाजूनं ढकलत होतं.

"बोल, काय हाय?" भाऊजी ओरडले.

"दगड असंल. थांबू नका दादा, चला!"

हायवेला लागल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. दोघं उतरले, आळीपाळीनं हबवर हात ठेवून बघितला.

"तापलंय का?" मी विचारलं.

"कोमट हाय," दोघंही एकदमच म्हणाले.

सोलापुरात नर्स आधी चिडली, मग माझा चेहरा बघून धावली. मशीन सुरू झालं. संध्याकाळी मला उताणं झोपता आलं. कितीतरी दिवसांनी छातीवर कुणी नव्हतं. काचेच्या दारातून बाहेरचा बाक दिसत होता. त्यावर दोघं बसलेले, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

पाण्याच्या पाळीचा तंटा अजून मिटलेला नाही. सणावाराला आम्ही त्यांच्याकडं जात नाही, ते आमच्याकडं येत नाहीत. पण परवा जीपचं मागचं सील गळून ब्रेकवर तेल आलं, तेव्हा भाऊजी आमच्या अंगणात आले. मी ओट्यावरच होते. माझ्याकडं न बघता त्यांनी थेट घरात हाक मारली, "हाईस का रं घरात? पाने घिऊन ये."