उष्टी फाइल

राणेबाई डेटाच्या फाइलला हात लावत नसत. परळच्या आमच्या आरोग्य संशोधनाच्या ऑफिसात त्या संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुख. कुणी फाइल डबल-क्लिक करून उघडली, की त्याने नैवेद्याच्या ताटात बोट घातलं असावं, तशा त्याच्याकडे बघायच्या. "हाताने उघडलेली फाइल उष्टी," म्हणायच्या. आम्ही हसायचो, पाठीमागे, अर्थात.

दर महिन्याला प्रत्येक लसीकरण केंद्राची एक फाइल यायची. मी नवीन लागले तेव्हा एकेक उघडून, कॉपी करून, एकाखाली एक चिकटवत बसले होते. बाईंनी शेजारी खुर्ची ओढली आणि चार-पाच ओळींचा प्रोग्राम लिहिला: या फोल्डरमधली प्रत्येक फाइल वाच, प्रत्येक नोंदीपुढे तिच्या फाइलचं नाव लिही, मग सगळ्या एकत्र कर. माझं दिवसभराचं काम चहा निवायच्या आत झालं. "नाव विसरू नकोस हं," त्या म्हणाल्या. "कुठली ओळ कुणाच्या घरची, ते कळायला हवं."

पुढे चिंचपोकळीचं केंद्र बंद करायचं घाटू लागलं. आमच्याच तक्त्यात दिसत होतं, की तिथली मुलं पहिल्या डोसनंतर परत येतच नाहीत. तिथल्या परब सिस्टर पायाला भिंगरी लावल्यासारख्या चाळीचाळीतून फिरून मुलं गोळा करायच्या. हे कळवलं तेव्हा त्यांना फोनवरच रडू कोसळलं.

बाईंचा विश्वास बसेना. नोंदींपुढची फाइलची नावं बघत त्या गेल्या, तर सगळा घोळ एकाच फाइलमध्ये. ऑफिसच्या मोठ्या साहेबांना नीट दिसावं म्हणून आमच्यातल्याच एकाने ती उघडून, कॉलम रुंद करून सेव्ह केली होती. तेवढ्याने कॉम्प्युटरने नोंदणी क्रमांक साधे आकडे समजून त्यांच्या सुरुवातीचं शून्य उडवलं. आधीच्या महिन्यांतल्या पहिल्या डोसचा क्रमांक या फाइलमधल्या दुसऱ्या डोसच्या क्रमांकाशी जुळेना, म्हणून एकाच मुलाची दोन मुलं झाली.

केंद्राचा निर्णय घ्यायची मीटिंग दुसऱ्या दिवशी होती. साहेब म्हणाले, शून्यं टाइप करून टाका, काम संपवा. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "हाताने बिघडलेलं हाताने दुरुस्त करायचं नाही, साहेब. उद्या कुणी विचारलं तर काय दाखवणार?" त्यांनी सिस्टरांकडून मूळ फाइल मागवली आणि साहेबांसमोर सगळा प्रोग्राम पुन्हा चालवला. मुलं तक्त्यात परत आली. केंद्र राहिलं. त्या फोल्डरमध्ये बदल करायला मात्र बाईंनी सगळ्यांना बंदी घातली, साहेबांनासुद्धा. तेव्हा मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की घरी जाऊन आईला सगळं साग्रसंगीत सांगितलं. तिला काडीचं कळलं नाही, पण तिनेही मान डोलावली.

मागच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाला परब सिस्टर ड्युटीच्या कपड्यांतच आल्या होत्या. बाईंचा हात धरून म्हणाल्या, "बाई, तुम्ही तेव्हा नेमकं काय केलंत हो? मला अजून समजलं नाही."

बाई म्हणाल्या, "तुम्ही केलेलं काम मोजलं. दुसरं काही नाही."