बांबूच्या नाक्यावरचा साहेब

मी नागझिऱ्याच्या गेटवर गाईड. टाळेबंदी लागली तसं अभयारण्य बंद झालं. आमची कमाई जिप्सीच्या फेरीवर, म्हणून तीही बंद झाली. वाघांना रोग लागू नये म्हणून पर्यटक थांबवलेत, असं सांगण्यात आलं. गाईडचं काय, ते कोणी बोललं नाही. अंगातल्या खाकी शर्टावरच मी जवळच्याच गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो.

त्या शर्टानं घोटाळा केला. गावानं रस्त्यावर आडवे बांबू बांधून नाका उभारला होता, पण त्यावर बसायला कोणी तयार नव्हतं. सरपंच मला म्हणाले, "तुयाजवळ वर्दी आहे. तूच बस."

झालो मी अधिकारी. विषाणूतलं मला काही कळत नव्हतं, म्हणून पर्यटकांना वाघाबद्दल जे सांगायचो तेच सांगू लागलो. अंतर ठेवा, घोळका करू नका, दिसला नाही म्हणजे जवळ नाही असं समजू नका. लोक माना डोलवायचे. जंगलात इतकं मन लावून माझं कोणीच ऐकलं नव्हतं. बाहेरून येणाऱ्यानं चौदा दिवस शाळेत राहायचं, असा ठराव झाला. तो करायला सगळं गाव पारावर खेटून बसलं होतं. सगळ्यात उंच हात माझा होता.

मे महिन्यात, भर उन्हात, नाक्याशी माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा, आमचे जवाई, येऊन उभे राहिले. दोघं हैदराबादला इमारतीच्या कामावर होते. काम बंद झालं, मग ठेकेदाराचा फोनही बंद झाला. मिळेल त्या ट्रकनं हमरस्त्यावरच्या कोहमाऱ्यापर्यंत आले आणि तिथून पायी. बहिणीची चप्पल सुतळीनं बांधलेली होती.

"भाऊ, बांबू काढ," ती म्हणाली.

मागे लोक बघत उभे होते. मी म्हणालो, "नियम आहे. आधी शाळेत जा लागते."

"काऊन रे भाऊ, मले वळखत नाही का तू?"

मी शर्टाची बटणं चाचपत राहिलो. जवायानं तिचा हात धरला आणि ते शाळेकडे वळले. तिथं त्याच सकाळी आलेले आमच्याच गावचे दहा-बारा मजूर होते. आई रोज डबा घेऊन नाक्यासमोरून जायची, माझ्याकडे न बघता. घरी मला वाढायची, पण बोलायची नाही.

अकराव्या दिवशी आभाळ भरून आलं. शेतात उन्हाळी धान पिकून उभा होता आणि कापणीची मशीनं कुठल्यातरी दुसऱ्या नाक्यावर अडकली होती. शाळेच्या नळालाही हात लावू नका म्हणणारे सरपंच, चार मोठे शेतकरी आणि मी, असे शाळेच्या फाटकाशी गेलो.

"निघा आता," सरपंच म्हणाले. "तीन दिवसानं काय फरक पडते? कामाले लागा."

बहीण ओट्यावरून उठलीसुद्धा नाही. "चवदा दिवस म्हणत होते ना? आमी चवदाच दिवस रायतो. गावाले रोग द्याचा नाही आमाले."

"अवं, धान झडून राहिला!"

"मंग मजुरी काय देता ते आज सांगा. येऊ तीन दिवसानं."

आतल्या सगळ्यांनी तिचीच री ओढली. सरपंच माझ्याकडे वळले. "तू सांग ना हिले. तू साहेब आहेस."

"ठराव सगळ्यांचा आहे," मी म्हणालो. तसं म्हणताना बरं वाटलं.

वाढीव मजुरी फाटकातूनच ठरली. पुढचे तीन दिवस सरपंच स्वतः विळा घेऊन वाकले. मीही वाकलो. चौथ्या दिवशी शाळेतले मजूर आले, तेव्हा आम्हाला धड उभंही राहता येत नव्हतं. पाऊस आणखी दोन दिवस लांबला आणि धान वाचला. त्या दुपारी आई मला म्हणाली, "जेवून घे."

दिवाळीनंतर पावसाळी धानाचीही कापणी संपली आणि मजुरी मुकाट जुन्या दरावर आली. जवायानं हैदराबादला फोन लावला. ठेकेदारानं या खेपेला पहिल्याच घंटीत उचलला. दोघांना मी मोटारसायकलवर कोहमाऱ्याला सोडलं. गाडी येईपर्यंत आम्ही ढाब्यावर चहा घेतला, आणि बहिणीनं मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.