डोहातलं शिसं

काहील पाण्यावर हळूहळू गिरक्या घेत होती आणि मी तिच्यात मांडी घालून बसले होते. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची मोठी कढई. आमच्या पंचगंगेत ती होडीसारखीही चालते. वल्हं कसंही मारा, ती सरळ म्हणून जात नाही. सकाळचं धुकं होतं. समोर ऊस यायचा, मग घाट, मग देऊळ, पुन्हा ऊस. मी जागच्या जागी आणि गावच माझ्याभोवती प्रदक्षिणा घालतंय, असं वाटत होतं. इतकं शांत मला घरीसुद्धा वाटत नाही. मंगळवार पेठेत कुठली आलीय शांतता!

"मॅडम, झोपला काय?" वल्हं धरलेले सरपंच म्हणाले. "आला की डोह."

झोपले नव्हते, पण फार लांबही नव्हते.

माझं काम नदीच्या तळाचा गाळ तपासायचं. पाणी आज इथे, उद्या पुढच्या गावात. गाळ मात्र बसून राहतो, थरावर थर, जुना खाली, नवा वर. त्यात प्लॅस्टिकचा पाइप खुपसायचा, वरून बूच दाबायचं आणि अलगद उपसायचा. थर जसेच्या तसे वर येतात. त्याला आम्ही कोअर म्हणतो.

उन्हाळ्यात डोहातला गाळ काढून रानात टाकायचं गावाचं ठरलं होतं. कुणी तरी आधी मूठभर गाळ तपासायला दिला आणि त्यात शिसं निघालं, तेही बेसुमार. शिसं वाईट. पोटात गेलं की शरीर सोडत नाही, लहान पोरांच्या तर मेंदूवर जातं. गाव घाबरलं, आणि घाबरल्या घाबरल्या गुन्हेगारही ठरवून मोकळं झालं. डोहाच्या वरच्या अंगाला एक ओढा नदीला मिळतो. ओढ्याकाठी विलासचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान. बॅटरीत शिशाच्या प्लेटा असतात. त्यात विलास कबनूरचा, तिथले माग विकून बायकोच्या गावी येऊन राहिलेला. म्हणजे परकाच. दुकानाला कुलूप घालायचं पक्कं होतं, तेवढा माझा रिपोर्ट यायचा होता.

डोहातून, घाटाखालून आणि मग ओढ्याने वर वर जात मी कोअर घेतले. विलास दुकानाच्या दारात उभा होता.

"मॅडम, दोन पोरी हायत मला," तो म्हणाला. "असंल ते लिवा. पर नीट बघून लिवा."

प्रयोगशाळेत नेऊन नीट बघितलं. दुकानामागच्या मातीत थोडं शिसं होतं. त्यावरून मी त्याला चांगलं झापलं, प्लेटा उघड्यावर ठेवतात का म्हणून. पण पुढे ओढाभर काही नाही. घाटाखालच्या कोअरमध्ये मात्र वरच्या थरात ठासून शिसं, आणि चिखलात शेंदरी रंगाची एक रेघ. आणखी एक गोष्ट होती. बॅटरीचं शिसं कडक व्हावं म्हणून त्यात बहुतेक वेळा अँटिमनी नावाचा धातू मिसळतात. विलासच्या मातीत तो होता. घाटाच्या गाळात नव्हता.

आमच्या साहेबांचा फोन आला. "शिसं सापडलं, शिशाचं दुकान सापडलं. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"वाट पाहिजे, साहेब. दुकानातून डोहात गेलं, तर ओढ्यात कुठेच कसं सांडलं नाही?"

"तुम्ही म्हणजे ना!" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुन्हा गावात गेले आणि दुपारी देवळाच्या पायरीवर बसले. आत गार होतं. उदबत्तीचा वास, बाहेर पाण्याची चुळुकचुळुक. समोर शेंदूर लावलेला देव. जुना देव, पण नाकडोळे कसे नुकतेच कोरल्यासारखे.

"मूर्ती नवीन का हो?" मी गुरव आप्पांना विचारलं.

आप्पांचा चेहरा फुलला. "छ्या! गेल्या साली देवानं खोळ टाकली की!"

पिढ्यान्‌पिढ्या चढवलेल्या शेंदराचा थर, आपसूक सुटून अख्खाच्या अख्खा गळून पडला होता. आतून हे रूप निघालं. गावाने खोळ पालखीत घातली, हलगी-लेझीम लावलं आणि घाटावरून डोहात सोडली. "म्हातारीकोतारी रडत हुती, मॅडम." आप्पा सांगत होते आणि मला डोळे मिटून ते दिसत होतं. हिरव्या पाण्यातून लाल देव गिरक्या घेत खाली खाली चाललाय. फार सुंदर वाटलं मला. मग कोअरमधली ती शेंदरी रेघ आठवली.

"आप्पा, शेंदूर कुठला वापरता?"

"अस्सल! दुसरा चालत न्हाय देवाला."

अस्सल शेंदूर शिशाचाच असतो. मी त्यांना ते सांगितलं. आप्पा आपल्या लाल बोटांकडे बघत बसले.

ग्रामसभेआधी सरपंचांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, देवाचं नाव नगं. लोकं भडकतील. कारण समजलं न्हाय, असं लिवा."

"आणि विलासचं दुकान?"

"ते बंदच हुतंय की."

माझं डोकं सणकलं. सभेत उभी राहिले आणि ओढा, रेघ, अँटिमनी, खोळ, सगळं सांगून टाकलं. एकच गलका झाला. "ही कोण देवाला नावं ठेवणार?" मागून कुणीतरी ओरडलं. विलास भिंतीला टेकून उभा, मान खाली.

तेवढ्यात आप्पा गुरव उठले.

"बाईंवर का वराडताय? खोळ म्या सोडली. पालखीला सरपंच हुतं, ह्यो हुता, त्यो हुता. सगळी नाचत हुता की! आन् आता शिसं एकट्या विलासनं टाकलं व्हय? देव काय कुणाच्या पोटावर पाय द्या म्हनतोय?"

ओरडणारे खाली बसले. सरपंच चपलेचा अंगठा चाचपत बसले.

दुकान राहिलं. रानात गाळ गेला नाही, घाटाखालचा तेवढा वेगळा उपसून विषारी कचऱ्याच्या जागी पाठवला. देवाला आता बिनशिशाचा शेंदूर लागतो. आप्पांच्या रक्तात शिसं निघालं. त्यांना तपासणीला गाडीवरून विलासच नेतो.

हल्ली नव्या गावात गेले की कारखाने कुठे आहेत ते मी नंतर विचारते. आधी विचारते, नदीत वाजतगाजत काय काय सोडलंय?